हिशेबाची वही उघडी ठेवा

ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं की आपल्याकडच्या शिवारांत एक काम गाजावाजा न होता पार पडतं. महसूल किंवा कृषी खात्याचा कर्मचारी रँडम नंबरांवरून, म्हणजे चिठ्ठी काढावी तसे कुणीही न ठरवता निघालेल्या आकड्यांवरून, आलेल्या गट नंबरात येतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून लांबीच्या बाजूने किती पावलं जायचं आणि रुंदीच्या बाजूने किती, तेही रँडम नंबरच सांगतात. पाय थांबतील तिथे खुंटी ठोकायची. मग दोरी ताणून चौकट आखायची, आतलं पीक कापायचं, मळायचं, दाणे तोलायचे आणि वजन नोंदवायचं. हा पीक कापणी प्रयोग. मंडळातल्या अशा मोजक्या चौकटींची सरासरी काढतात, ती उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे मागच्या वर्षांच्या उत्पन्नावरून ठरवलेल्या पातळीशी, ताडतात, आणि पीकविम्याची भरपाई मिळणार की नाही हे त्यावर ठरतं. महाराष्ट्रात २०२५च्या खरिपापासून या प्रयोगांवर पूर्वीपेक्षा जास्तच भार आला आहे.

संख्याशास्त्र बांधावर असं भेटतं. कोणाचं शेत निवडलं जाईल हे ओळखीपाळखीवर ठरत नाही, नियमावर ठरतं. चौकट कुठे पडेल हे शेतकऱ्याच्या हातात नाही आणि कर्मचाऱ्याच्याही नाही. पंचवीस वर्षं हा विषय शिकवताना मला त्याचं जे प्रेम वाटत आलं, ते या निःपक्षपातीपणामुळे. पण पुढची गोष्ट मला सलते. शेतकऱ्याच्या कानावर शेवटचा एकच आकडा येतो. आपल्या मंडळात चौकटी किती होत्या, कुठल्या चौकटीत किती वजन भरलं, एखादी वगळली असेल तर का, हे त्याला सहसा कळत नाही. निवड उघड्या रानात झालेली असते, हिशेब मात्र मिटलेल्या वहीत होतो.

दरवर्षी २९ जूनला आपण सांख्यिकी दिन साजरा करतो. भारतातल्या संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा हा जन्मदिवस. ते १८९३ साली जन्मले, आणि २००७पासून हा दिवस देशभर पाळला जातो. महाविद्यालयांत व्याख्यान होतं, प्रश्नमंजूषा होते, भिंतीवर तक्ते लागतात. हे सगळं व्हावंच. मुलांना त्यात आनंद मिळतो, मलाही मिळत आला आहे. पण मला वाटतं, हा दिवस ज्यांच्या नावाने आहे त्यांचा खरा वारसा हिशेब दुसऱ्याला पुन्हा करता येईल असा मांडण्यात आहे. आज तो वारसा सर्वांत निष्ठेने कोण चालवतं? मुक्त, म्हणजे आतल्या ओळी कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतात अशा, सॉफ्टवेअरभोवती जमलेला, जगभर पसरलेला, बहुतांशी बिनपगारी असा कार्यकर्त्यांचा समुदाय. आपल्या विद्यापीठांनी आणि सरकारने त्याच्याशी नातं जोडावं, एवढंच मला सांगायचं आहे.

या पीक कापणी प्रयोगाला शास्त्रीय रूप देणाऱ्यांपैकी एक मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं बुध. १९४०च्या दशकात दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम करताना त्यांचा महालनोबिसांशी मोठा वाद झाला. महालनोबिसांचा कल लहान चौकटींकडे होता. चौकट लहान म्हणजे खर्च कमी, आणि तेवढ्याच पैशांत जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान चौकटीत उत्पन्न फुगून येतं. कारण साधं आहे. दोरीच्या रेषेवर जी रोपं येतात ती आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत आत धरण्याकडे वळतो. चौकट जितकी लहान तितका तिच्या आकाराच्या मानाने काठ मोठा, आणि तितकी ही चूक मोठी. दोन्ही बाजूंनी आपापली मापं आणि पद्धती छापल्या. महालनोबिसांचा दबदबा तेव्हा किती होता हे आठवलं की ही गोष्ट मला अधिकच मोलाची वाटते. मोठ्या नावासमोर मोजमाप ठेवता आलं आणि ते ऐकलं गेलं, कारण दोघांच्या वह्या उघड्या होत्या.

पुण्यात असाच दुसरा वाद झाला, आणि तो तर आपल्या पोटाचा होता. १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गरिबीचा जो अभ्यास केला, त्यात माणशी रोजचे २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही रेषा धरली होती. त्या रेषेखाली १९६०-६१ साली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक येत होते. सुखात्मे तोवर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आले होते. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. म्हणून सरासरी गरज हीच रेषा धरली तर धडधाकट माणसंही कुपोषितांत मोजली जातात. दांडेकरांना हे मुळीच मान्य नव्हतं. वर्षानुवर्षं दोघे लिहीत राहिले. मला स्वतःला दांडेकरांची बाजू जास्त पटते, कारण शरीराने कमी अन्नाशी जुळवून घेतलं म्हणजे ते अन्न त्याला पुरलं असं होत नाही. पण मी बाजू घेऊ शकते हेच महत्त्वाचं. दोघांनीही कोणत्या पाहणीतला कोणता आकडा घेतला आणि त्याचं पुढे काय केलं, हे वाचकासमोर होतं.

तो काळ कागद, पेन्सिल आणि हाताने फिरवायच्या गणनयंत्रांचा होता. हिशेब करायला महिने लागत, पण समजून घ्यायला कागद पुरे होता. पुढे संगणक आला आणि हिशेब सॉफ्टवेअरच्या पोटात गेला. आत काय चालतं ते कंपनीला ठाऊक. आपण बटण दाबायचं आणि उत्तर उतरवून घ्यायचं. त्या बटणासाठी दरवर्षी पैसेही मोजायचे.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन हे दोन शिक्षक होते. त्यांच्या प्रयोगशाळेत मॅकिंटॉश संगणक होते आणि विद्यार्थ्यांना शिकवायला मनाजोगं सॉफ्टवेअर नव्हतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६पासून ‘एस’ नावाची भाषा घडवली होती. तिच्या धर्तीवर या दोघांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक लहान भाषा लिहायला घेतली. दोघांच्या नावांचं आद्याक्षर एकच, म्हणून ती ‘आर’. १९९३मध्ये त्यांनी ती इतरांना वापरायला दिली. झुरिचचे मार्टिन मेखलर त्यांच्या मागे लागले की हे पूर्णपणे मुक्त करा, आणि १९९५मध्ये ‘आर’ मुक्त परवान्याखाली आलं. १९९७मध्ये तिची देखभाल करणारा गट तयार झाला, आणि इतरांनी लिहिलेली पॅकेजेस, म्हणजे एकेका कामासाठीचे तयार जोडभाग, ठेवायचं भांडारही उभं राहिलं. २९ फेब्रुवारी २००० रोजी पहिली पक्की आवृत्ती निघाली. आज त्या भांडारात वीस हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत.

आपल्या खेड्यांत याला शब्द आहे: सावड. माझ्या भांगलणीला तू ये, तुझ्या मळणीला मी येतो. पैसा मध्ये येत नाही, आणि आलेला माणूस काम नीट करतो, कारण उद्या त्याच्या रानातही तसंच काम व्हावं अशी त्याची इच्छा असते. सर्वेक्षणांच्या विश्लेषणासाठी ‘सर्व्हे’ नावाचं पॅकेज थॉमस लम्ली यांनी लिहिलं. ते नसतं तर माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांना राष्ट्रीय नमुना पाहणीची, म्हणजे देशभरातल्या निवडक घरांच्या सरकारी पाहणीची, माहिती वर्गात हाताळताच आली नसती. त्यांना आमच्याकडून छदामही मिळालेला नाही. या सगळ्या भाषेच्या गाभ्याची जबाबदारी जगात वीस-एक माणसांच्या गटावर आहे, आणि त्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रातले दीपायन सरकार आहेत. आलेख काढायचं त्यांचं ‘लॅटिस’ हे पॅकेज ‘आर’सोबतच येतं. आपण सांख्यिकी दिनाला जुन्या पिढीच्या तसबिरींना हार घालतो. या हयात, काम करत असलेल्या माणसांची नावंही मुलांना त्या दिवशी सांगायला हवीत.

मुलांना मी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट करून दाखवायचे. ‘आर’ उघडायचं, कुठलंही पॅकेज न घेता ‘महालनोबिस’ हा शब्द टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. पडद्यावर त्या नावाच्या फंक्शनच्या ओळी उलगडतात. महालनोबिसांनी १९३६ साली मांडलेलं अंतर म्हणजे काय ते या मोजक्या ओळींत आहे. पाच फूट उंचीची माणसं पुष्कळ असतात, नव्वद किलो वजनाचीही असतात; पण पाच फूट आणि नव्वद किलो एकत्र आले की ते वेगळं उठून दिसतं. प्रत्येक माप सुटं न पाहता त्यांचे आपसांतले संबंध धरून ‘हा बाकीच्यांपासून किती लांब’ हे सांगणारं ते अंतर. जगातल्या कुठल्याही देशातला विद्यार्थी हे फंक्शन वापरताना एका भारतीयाचं नाव टाइप करतो, आणि त्याला वाटलं तर आतली प्रत्येक ओळ वाचतो. सांगताना दर वर्षी माझा आवाज थोडा भरून यायचा.

आणखी एक नाव तर आपल्या घरचं. जनुकशास्त्रासाठीच्या एका पॅकेजात गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढताना सूत्र निवडावं लागतं, आणि पर्यायांत एक शब्द दिसतो: ‘कोसंबी’. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते तेव्हाचं, १९४४ सालचं हे सूत्र. हेच कोसंबी जुनी आहत नाणी तोलत बसत. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, मग झिजेवरून ते किती फिरलं याचा अंदाज बांधता येतो. इतिहासाकडे जाण्याची त्यांची एक वाट अशी तराजूतून गेली. पिकांच्या वाणांवर काम करणाऱ्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकाने हा पर्याय निवडताना हे माहीत असावं, असं मला फार वाटतं.

उघड्या हिशेबाचं मोल काय, हे २०१३ साली जगाने पाहिलं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१०मध्ये एक निबंध लिहिला होता. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के, असं त्यात निघालं होतं. युरोप-अमेरिकेतले राजकारणी खर्चकपातीचं समर्थन करताना हा आकडा फेकत असत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातल्या अभ्यासासाठी तो आकडा पुन्हा काढायला बसला आणि त्याला तो येईना. त्याने लेखकांकडे त्यांची एक्सेलची फाइल मागितली. त्यांनी ती दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. फाइलीत सरासरीच्या सूत्राने पाच देश वगळले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. सूत्रातली पट्टी शेवटपर्यंत ओढलीच गेली नव्हती. शिवाय काही वर्षांची माहिती सुटली होती आणि देशांना दिलेल्या भारांकांबद्दलही, म्हणजे सरासरीत कोणाला किती वजन द्यायचं याबद्दलही, आक्षेप होता. हे सगळं धरून त्याच्या गटाने काढलेली सरासरी २.२ टक्के निघाली. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, निष्कर्षाबद्दल मात्र ते आपल्या मतावर राहिले. मला त्यातला काळ महत्त्वाचा वाटतो. २०१० ते २०१३. या तीन वर्षांत त्या आकड्याच्या आधाराने कुणाकुणाची पेन्शन, कुणाकुणाची नोकरी गेली असेल? फाइल पहिल्या दिवशीच निबंधासोबत असती तर एखाद्या विद्यार्थ्याने ती पहिल्याच महिन्यात तपासली असती.

एक्सेल वाईट आहे असं मी म्हणत नाही; हजेरीपासून पगारापर्यंत आपलं सगळं त्यावर चालतं. पण त्यात हिशेब चौकोनांच्या मागे लपतो. लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये तो ओळीने समोर येतो: ही फाइल घेतली, या नोंदी गाळल्या, असा भारांक लावला. शाळेत गणिताच्या पेपरात ‘कच्चं काम दाखवा’ म्हणायचे, तेच हे.

आता आपल्याकडचं कच्चं काम पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५०मध्ये सुरू झाली. तिच्या कुटुंबनिहाय फाइली नावं काढून टाकून सरकार आता विनामूल्य देतं, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय सरकारला दिलंच पाहिजे. पण फाइल उघडली की सलग आकड्यांच्या ओळीच ओळी. कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत जिल्हा आणि कुठून कुठपर्यंत कुटुंबातली माणसं, हे वेगळ्या तक्त्यात पाहून तोडायचं. जुन्या फेऱ्यांत तर भारांकाचा एक नियम होता, आणि तो न कळल्याने कित्येक नवखे फसले आहेत. दोन रकाने सारखे असतील तर मल्टिप्लायरला, म्हणजे फाइलीतल्या भारांकाच्या कच्च्या आकड्याला, १००ने भागायचं, नसतील तर २००ने. का? कुणी सांगत नसे. मला स्वतःला कारण उमगायला वर्षं लागली. १०० हे फक्त दशांश चिन्हासाठी. आणि २०० अशासाठी, की महालनोबिसांनी एकाच भागात दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायची रीत घातली होती. दोन तुकड्या, एकच पद्धत, वेगवेगळी कुटुंबं. दोघींची उत्तरं जवळ आली तर विश्वास वाढतो; लांब गेली तर कुठेतरी पाणी मुरतंय हे लगेच कळतं. दोन्ही उपनमुने हाती असले की त्यांची सरासरी घ्यायची, म्हणून निम्मं, म्हणून २००. आपल्या कामातली चूक आपणच मोजून लोकांसमोर ठेवायची ही रीत त्या एका भागाकारात शिल्लक राहिली होती. ज्यांनी ‘आर’मधल्या स्क्रिप्ट लिहून इतरांसाठी मोकळ्या ठेवल्या, त्यांनी ती पुढच्या पिढीपर्यंत पोचवली.

म्हणूनच पुढची गोष्ट मनाला लागते. २०१७-१८ची उपभोग खर्चाची पाहणी झाली, हजारो घरांत जाऊन लोकांचा वेळ घेतला गेला, आणि २०१९मध्ये सरकारने माहितीच्या दर्जाचं कारण देऊन निकाल प्रसिद्ध न करण्याचं ठरवलं. दर्जात खोट होती असं धरून चाललं तरी ती खोट आपल्याला का दाखवली नाही? तपासायला माणसं तयार होती, साधनं तयार होती. जनगणनेचंही तसंच. १८८१पासून दर दहा वर्षांनी न चुकता झालेली, दुसऱ्या महायुद्धात १९४१लाही झालेली जनगणना २०२१मध्ये झाली नाही, आणि आता ती २०२७ची आहे. नमुना निवडायचा तर मूळ यादी लागते. ती २०११ची राहिली की शहरांलगत झपाट्याने वाढलेली गावं कागदावर अजून गावंच असतात आणि त्यांच्यातली लाखो माणसं हिशेबात अंधूक होतात. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी न मोजलेला माणूस त्याला दिसत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरबद्दल माझ्या सहकाऱ्यांचे आक्षेप मी पुष्कळ ऐकले आहेत, आणि त्यांतले काही खरे आहेत. फुकटच्या गोष्टीची जबाबदारी कोणाची, असं विचारतात. गाभ्याची जबाबदारी घेणारा गट आहे, चुका उघडपणे नोंदवल्या जातात आणि दुरुस्त होतात. पण वीस हजार पॅकेजेसमध्ये सगळीच सारख्या दर्जाची नाहीत, काहींचे लेखक मध्येच काम सोडून गेले आहेत, हेही सांगितलं पाहिजे. निवड शिकावी लागते. पण विकतच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी तरी आम्ही कशी अनुभवली? मी शिकवत होते त्या महाविद्यालयात एका अनुदानातून दहा संगणकांसाठी महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना घेतला. वर्ष संपलं, अनुदान संपलं, परवाना संपला. त्या वर्षीच्या मुलांचे प्रकल्प ज्या प्रकारच्या फाइलींत होते, त्या उघडेनाशा झाल्या. पुढच्या बॅचने कुठून तरी चोरीची प्रत आणली. वर्गात मी प्रामाणिक नोंदी कशा ठेवाव्यात ते शिकवत होते आणि मुलं चोरीच्या साधनावर ते शिकत होती. ती गोष्ट मला सहन झाली नाही. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ‘आर’ शिकायला बसले, आणि जूनमध्ये मुलांच्या दोन धडे पुढे होते, इतकंच.

दुसरा आक्षेप माहिती खुली करण्याबद्दलचा, खासगीपणाचा. तो रास्त आहे, पण त्याचं उत्तरही माहीत आहे: नावं आणि गट नंबर झाकून पीक कापणीची वजनं प्रसिद्ध करता येतात, नमुना पाहणीत हेच होतं. तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. साधन हातात आलं की माणूस विचार न करता ते चालवतो. दोन ओळींत रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध हे सांगणारं समीकरण, निघतं, मग मुलं वीस निरनिराळ्या मांडण्या करून पाहतात आणि त्यातली ‘जमलेली’ तेवढी अहवालात लिहितात. नमुना कसा निवडला, हे विचारलं की गप्प. हे मी पाहिलं आहे, एम.एस्सी.च्या वर्गातही पाहिलं आहे. वसंतराव हुजूरबाजारांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला तेव्हापासून आपल्याकडे सिद्धांताची परंपरा भक्कम आहे. मोजायला शेतात, घरात जाण्याची सवय तेवढी मुरली नाही. यावर माझ्याकडे एकच इलाज आहे. मुलांना एकमेकांच्या स्क्रिप्ट तपासायला लावायच्या. दुसरा कोणी वाचणार आहे हे कळलं की वीसपैकी एकोणीस मांडण्या लपवणं अवघड जातं.

आणि भाषा. विंडोजवर ‘आर’मध्ये गावांची नावं देवनागरीत भरली की पूर्वी पडद्यावर ‘खटाव’च्या जागी कोनी कंसातल्या संकेतांकांची रांग यायची. मुलं विचारायची, मॅडम, आपलं गाव का दिसत नाही? आम्ही रोमन लिपीत नावं टाकून वेळ मारून न्यायचो. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या ४.२ या आवृत्तीत हे सुटलं. गाभ्याच्या गटातल्या टोमाश कालिबेरा यांनी त्यासाठी बराच काळ खपून काम केलं होतं. खटाव कुठे आहे हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसकट अनेक भारतीय भाषांत बोलून दिले आहेत. पण संख्याशास्त्राची पाठ्यपुस्तकाबाहेरची मराठी अजून घडायची आहे. ‘स्टँडर्ड एरर’ला प्रमाण त्रुटी म्हणून मुलाला काहीच कळत नाही, ‘पुन्हा नमुना घेतला असता तर उत्तर साधारण किती हललं असतं’ असं म्हटलं की कळतं. असे शब्द, असे धडे, चूक दाखवणाऱ्या संदेशांची मराठी भाषांतरं हे काम सावडीने होणारं आहे, आणि आपल्याकडे संख्याशास्त्राचे पदवीधर इतके आहेत की प्रत्येकाने वर्षाकाठी आठवडा दिला तरी पुष्कळ होईल.

सरकारकडे माझं मागणं खर्चाचं नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी राज्याची आर्थिक पाहणी काढतं. तिच्या प्रत्येक तक्त्यामागची फाइल आणि ज्या स्क्रिप्टने तो तक्ता काढला ती स्क्रिप्ट सोबत द्यावी. पीडीएफमधले आकडे पुन्हा हाताने टाइप करण्यात विद्यार्थ्यांचे किती तास जातात, हे त्या तासांना शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. आणि पीक कापणीच्या चौकटींची वजनं मंडळवार, नावं झाकून, हंगाम संपताच खुली करावीत.

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या २९ जूनला आम्ही हॉलमधला कार्यक्रम तासाभरात आटोपला आणि सगळे संगणक कक्षात गेलो. २०२२-२३च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीच्या फाइली नुकत्याच खुल्या झाल्या होत्या. दोन लाख एकसष्ट हजारांहून जास्त कुटुंबं. ग्रामीण भारताचा माणशी मासिक खर्च ३,७७३ रुपये असं अहवाल सांगतो. तोच आकडा आपण काढायचा, असं ठरवलं. जेवणाची सुट्टी झाली, तरी उत्तर जुळेना. कुठे भारांक राहिला, कुठे सात दिवसांचा खर्च तीस दिवसांवर आणायचा राहिला, एकदा कुटुंबातली माणसं दोनदा मोजली गेली. साडेचारला तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या पडद्यावर ३,७७३ उमटलं. तिने दोनदा चालवून पाहिलं, मग शेजारणीच्या संगणकावर चालवून पाहिलं. सगळे तिच्याभोवती जमले. तिच्या घरची चार एकर जिरायत आहे, आदल्या वर्षी त्यांच्या मंडळाला सोयाबीनची भरपाई मिळाली नव्हती. ती पडद्याकडे पाहत म्हणाली, “मॅडम, देशाचा काढता आला. आमच्या मंडळाची वजनं कुठे मिळतील?”